रेघ वेगळी, रंग वेगळा : संगणकावर चित्रकथा रंगविण्याचा धडा

कॉमिक म्हणजे मुलांच्या हातातील खेळणे, असे समजणारे आमच्या बाजारात अजून पुष्कळ आहेत. पण मुलांची चादर, शाळेचे दप्तर, दुकानाची जाहिरात या सर्वांवर आज चित्रकथेसारखी पात्रे दिसतात, आणि ती रेखाटून रंगविणे ही एक रोजी आहे. हे काम आता बहुतेक संगणकावर होते. आमच्या कारागीर बांधवांना ते परके वाटते. वास्तविक त्याचे मूळ तत्त्व त्यांच्या ओळखीचेच आहे.

जयपूरजवळील सांगानेर व बगरू येथील ठसेछपाई पाहा. तेथे एका नक्षीसाठी निरनिराळे लाकडी ठसे असतात : बाह्यरेषेचा 'रेख', आतला रंग भरणारा 'दत्ता' आणि पार्श्वभूमीचा 'गद'. रेघेचा ठसा वेगळा, म्हणून हवा तेव्हा रंग बदलता येतो. संगणकात ठशाच्या जागी 'लेयर', म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर असतात.

हा नियम न पाळल्याचा फटका आम्ही सोसला आहे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या चादरींसाठी आम्ही एका होतकरू मुलाकडून चित्रमालिका करवून घेतली. चित्रे सुरेख होती. गिऱ्हाइकाने फक्त लाल सदरा निळा करण्यास सांगितले, तेव्हा कळले की रेघ आणि रंग एकाच थरावर आहेत. लाल रंग काढावा तर रेघ कुरतडली जाई, रेघ राखावी तर कडेला लाल झाक उरे. सर्व चित्रे पुन्हा काढावी लागली आणि शाळा उघडण्याचा मोसम हातचा गेला. दोष आमचाच होता. काम देताना आम्ही ही गोष्ट विचारलीच नव्हती.

शिकण्यासाठी साधा संगणक, कलमासारखी लेखणी असलेला पेन टॅब्लेट आणि 'क्रिता' हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. कामाचा क्रम असा ठेवावा :

१) कच्चे चित्र : पेन्सिलीचे चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. ए-४ कागदाचे चित्र सुमारे ४९६० बाय ७०१६ बिंदूंचे होते. हा थर फिकट करून सर्वांत खाली ठेवावा.

२) शाई : वर नवा थर घेऊन काळ्या रेघा ओढाव्यात. जवळच्या वस्तूची व सावलीकडील रेघ जाड, दूरची बारीक. हात थरथरत असल्यास 'स्टॅबिलायझर' चालू करावा. घेर उघडे सोडू नयेत, नाहीतर भरताना रंग बाहेर सांडतो. शाई पूर्ण झाली की पेन्सिलीचा थर लपवावा.

३) सपाट रंग : शाईच्या थराखाली आणखी एक थर घेऊन सदरा, चेहरा, आकाश एकेका सपाट रंगाने भरावे. येथे 'अँटी-अलियासिंग' बंद ठेवावे. कडा स्वच्छ राहतात आणि पुढे एका टिचकीत पूर्ण सदरा निवडता येतो. रंग काळ्या रेघेच्या खालपर्यंत न्यावा, म्हणजे छपाई किंचित सरकली तरी पांढरी फट दिसत नाही.

४) छाया : सपाट रंगावर 'मल्टिप्लाय' पद्धतीचा थर घेऊन छाया द्यावी. उजेड कोणत्या बाजूने येतो ते आधी ठरवावे.

५) छपाई : पडदा उजेडाने रंग दाखवितो, कागदावर रंग शाईने उमटतो. म्हणून पडद्यावरचा भडक हिरवा छपाईत मंदावतो. ऑफसेटसाठी फाइल सीएमवायकेमध्ये द्यावी व रेघ फक्त काळ्या शाईत ठेवावी. चारही शाया मिसळून काळा केल्यास छापे जरा सरकताच रेघ धूसर होते. कापडावर स्क्रीन छपाई असेल तर प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी, म्हणून रंग मोजून वापरावेत.

थोडे रंग म्हणजे गरीब काम नव्हे. जुन्या अमेरिकन कॉमिकमध्ये पिवळी, लाल व निळी अशा तीन शायांची प्रत्येकी चार प्रमाणे (कोरी, २५, ५० व १०० टक्के) घेऊन ६४ रंग जुळवीत, आणि त्यांतच लाखो प्रती खपत.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तख्तीवर कलम फिरविताना जाड कोठे आणि बारीक कोठे, हे उस्तादांनी हात धरून शिकविले. शाईची तालीम यापेक्षा निराळी नाही. पण १९९४ मध्ये 'इनपेज' आले आणि उर्दू वर्तमानपत्रांतील कातिबांचे काम पाहता पाहता संगणकाकडे गेले. ज्यांच्या हातात रेघ होती, त्यांतील अनेक जण संगणकापासून दूर राहिले. नक्षी काढणाऱ्या आमच्या बांधवांवर ती वेळ येऊ नये. पहिला महिना रंगाला हात न लावता रोज एक तास फक्त रेघ ओढावी. रंग नंतर शिकता येतो.