नीत्शेआधी नाटकं

१. नीत्शेचं ‘शोकात्मिकेचा जन्म’ हातात घेण्याआधी दोन-तीन ग्रीक नाटकं वाचून घ्यावीत. पुस्तक 1872 चं, लेखक 27 वर्षांचा, बाझेलचा प्राध्यापक; भाषा अशी, की वाचणारा वाहवत जातो. अपोलो म्हणजे रूप आणि मर्यादा, डायोनिसस म्हणजे नशा आणि संगीत. दोघांच्या मिलनातून शोकात्मिका जन्मली, आणि सॉक्रेटिसचा तर्क रंगमंचावर आणून युरिपिडीसने ती मारली. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश! तर्काला घातलेल्या शिव्या त्या वयात गोडच लागतात.

२. मग युरिपिडीसचं ‘बॅकाय’ काढावं. ते त्याच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलं. डायोनिससच्या उन्मादात अगावे स्वतःच्या मुलाचं, थीब्जच्या राजाचं, मुंडकं मिरवत येते. तिच्या लेखी तो सिंह. म्हातारा बाप कॅडमस तिला एकदम काही सांगत नाही. आधी आकाशाकडे बघ म्हणतो. पूर्वीसारखंच दिसतंय की वेगळं? मग विचारतो, तुझं लग्न कुठल्या घरात झालं? मुलाचं नाव काय? आणि हातात कुणाचं डोकं आहे? एका ओळीचा प्रश्न, एका ओळीचं उत्तर. ही तर सॉक्रेटिसचीच रीत, आणि तिनेच काळजाचं पाणी होतं. अगावे नशेत असेतो सुखात होती. नीत्शे या नाटकाला युरिपिडीसची उशिराची माघार समजतो. मला ते पटत नाही. माघारच घ्यायची, तर हा संवाद लिहिलाच कशाला?

३. सोफोक्लीसकडेही तेच. पु. लं.चं ‘राजा ओयदिपौस’ वाचताना मेंढपाळाच्या उलटतपासणीपाशी थांबावं. तो गयावया करतो, राजा विचारत राहतो. तर्क कुठेही चुकत नाही, आणि माणूस वाचत नाही.

४. ॲरिस्टॉटल रुक्ष वाटतो खरा, पण विंदा करंदीकरांच्या अनुवादातून वाचावा. शोकात्मिकेचा आत्मा त्याने कथानकात पाहिला, आणि ओळख पटणं व दैव फिरणं एकाच क्षणी घडलं तर सर्वांत उत्तम, असं म्हणताना उदाहरण दिलं ते याच ओयदिपौसचं.

५. प्लेटोला कवींचा शत्रू म्हणून मोकळं होऊ नये. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात कवींना हद्दपार केल्यावर तोच म्हणतो, काव्याच्या चाहत्यांनी गद्यात का होईना त्याची बाजू मांडावी, पटली तर आनंदाने परत घेऊ. ती बाजू पुढे मांडली कुणी? त्याच्याच अकादमीत वीस वर्षं काढलेल्या ॲरिस्टॉटलने.