लायनफिश घरी आणण्याआधी

मुरुडमध्ये घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मोजकेच आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांना कधी ना कधी लायनफिशची भुरळ पडते. लाल-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पसरलेले पर आणि कशाचीच घाई नसलेली चाल. पाहणारा भारावतोच. म्हणूनच हा मासा घेऊ पाहणाऱ्यांना मी आधी एकच विचारते : कोणता लायनफिश? सगळे सारखेच दिसतात, पण त्यांचा आकार, खाणे आणि स्वभाव वेगवेगळा असतो. निवड चुकली की त्याची किंमत मासा मोजतो.

माझ्या भाच्याने मुंबईतल्या एका दुकानातून आणलेले पिल्लू बोटाएवढे होते. "मावशी, ड्वार्फ आहे, एवढाच राहतो म्हणाला दुकानदार," असे तो मोठ्या हौसेने सांगत होता. निघाला व्होलिटन्स. ही जात पूर्ण वाढली की ३८ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि तिला किमान साडेचारशे लिटरची टाकी लागते. भाच्याची टाकी दीडशे लिटरची. मासा वीतभर झाला तेव्हा त्याला धड वळताही येईना. सोबतचे छोटे डॅमसेल एकेक करून नाहीसे झाले. पाण्यातला नायट्रेट कितीही पाणी बदलले तरी खाली येईना. शेवटी मोठी टाकी असलेल्या एका परिचितांनी तो नेला, म्हणून निभावले. प्रत्येकाला असा परिचित भेटेलच असे नाही.

म्हणून पिल्लू ओळखायला आधी शिका. ड्वार्फ गटातल्या माशांच्या बाजूच्या परांचे काटे पातळ पडद्याने जवळजवळ टोकापर्यंत जोडलेले असतात, त्यामुळे पर गोल आणि भरीव दिसतो. व्होलिटन्स आणि त्याच्या गटातल्या माशांचे काटे टोकाकडे सुटे, लांब झालेले असतात. त्यानंतर शेपटी पाहा. तिच्यावर आणि पाठीच्या मागच्या मऊ परावर काळे ठिपके असतील, तर तो व्होलिटन्स किंवा माइल्स. पट्टे तसेच, पण या परांवर ठिपके नसतील, तर तो रसेल असू शकतो, आणि तोही ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. रेडिएटाच्या शेपटीच्या मुळाशी दोन आडव्या पांढऱ्या रेघा असतात. अँटेनाटाच्या डोळ्यांवर पट्टेदार लांब मिशा उभ्या असतात. ही ओळख पटल्याशिवाय पैसे देऊ नका.

आमच्यासारख्या घरांना मी फझी ड्वार्फ सुचवते. तो साधारण १७ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, सव्वाशे लिटरच्या टाकीत एकटा नीट राहतो आणि मेलेले खाणे घ्यायला तुलनेने लवकर शिकतो. दिवसाचा बराच वेळ तो दगडाला टेकून, पोटाखालच्या परांवर चालल्यासारखा सरकत असतो. त्याला पाहणे हाच एक विरंगुळा आहे. मात्र दोन नर एकत्र ठेवू नका, भांडतात. झेब्रा ड्वार्फही चांगला, पण त्याला थोडी जास्त जागा द्या. फू मांचू १३ सेंटिमीटरचा आणि देखणा, पण जिवंत खाण्यावरून हलवणे फार कठीण. रेडिएटाही तसाच, तो मुख्यतः कोळंबी-खेकड्यांवर जगणारा. हे दोन्ही पहिल्यांदाच मासा ठेवणाऱ्याने घेऊ नयेत.

आकार लहान का हवा, याचे कारण मुरुडचे पाणीही आहे. समुद्र दाराशी असला तरी पावसाळ्यात त्याचे पाणी टाकीला चालत नाही. राजपुरीच्या खाडीतून गोडे पाणी आणि गाळ येतो, किनाऱ्याजवळची क्षारता उतरते. टाकीत पाण्याचे सापेक्ष घनत्व १.०२३ ते १.०२५ हवे. मग त्या चार महिन्यांत कृत्रिम समुद्री मीठच लागते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. साडेचारशे लिटरच्या टाकीतले पाचवा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले, तर एका वेळी तीन किलोहून जास्त मीठ जाते. सव्वाशे लिटरच्या टाकीचे काम पाऊण-एक किलोत भागते. विजेचेही तसेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर या पट्ट्यात वीज कित्येक दिवस नव्हती. मासा जितका मोठा, तितका प्राणवायू त्याला जास्त लागतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असल्याशिवाय लायनफिश आणू नका.

खाण्याच्या बाबतीत मात्र मुरुडकर नशीबवान. सोललेली कच्ची कोळंबी, करंदी, माकूल बाजारात मिळते. बिनमिठाचे आणि ताजे घ्या, एकच प्रकार सतत देऊ नका. गप्पी किंवा गोल्डफिश खायला घालण्याची पद्धत वाईट. गोड्या पाण्यातल्या माशांच्या चरबीने लायनफिशचे यकृत बिघडते. नवीन मासा खात नसेल, तर पारदर्शक काडीच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावून तो जिवंत असल्यासारखा हळूहळू हलवा. मासा बाजूचे पर पसरून जवळ येतो, क्षणभर थबकतो आणि तुकडा दिसेनासा होतो. तोंड उघडले कधी, हे कळतही नाही. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरे. दुकानात असतानाच "माझ्यासमोर खायला द्या" म्हणा. खात नसेल तर घेऊ नका.

आता काटे. पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीजवळ खालच्या बाजूला ३, असे एकूण १८ विषारी काटे असतात. बाजूच्या मोठ्या परांत विष नसते. काच घासताना भाच्याच्या बोटाला पाठीचा काटा लागला आणि काही मिनिटांत वेदना कोपरापर्यंत चढली. कोळीवाड्यात शिंगाळ्याच्या किंवा पाकटाच्या काट्याने होते तसेच हे दुखणे, आणि उपायही तोच. सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपेक्षा जास्त नाही, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. श्वास लागला, चक्कर आली किंवा सूज वाढत गेली, तर लगेच रुग्णालय गाठा. घरात लहान मूल असेल, तर टाकीला कुलूप लागणारे झाकण हवेच.

ट्रॉलरच्या जाळ्यात कधी लायनफिश येतो आणि कुणी आपुलकीने बादलीतून घरी आणून देतो. तो घेऊ नका. जाळ्यात घासून आणि खोलातून झटकन वर येऊन त्याच्या आत इजा झालेली असते. टाकी सजवायला किनाऱ्यावरून प्रवाळही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

नीट ठेवलेला लायनफिश दहा वर्षेही जगतो. मध्येच सांभाळणे जमेनासे झाले, तरी त्याला समुद्रात सोडू नका. लायनफिश मूळचे हिंदी-प्रशांत महासागरांतले. १९८५ मध्ये ते फ्लोरिडाजवळ दिसले, बहुधा कुणाच्या टाकीतून सुटलेले, आणि नंतर कॅरिबियनभर आणि ब्राझीलपर्यंत पसरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडू लागले. अरबी समुद्रात ते मूळचेच असले, तरी दुकानातल्या माशासोबत कोणता रोग बाहेर जाईल याची खात्री नसते. म्हणून खरेदीआधीच ठरवा : उद्या हा मासा मला ठेवता आला नाही, तर कोण घेईल? त्या माणसाला विचारून घ्या. त्याने हो म्हटले, तरच दुकानात जा.