बोटं मोजू नकोस, पोरी

ही फाइलींची कपाटं आता तुझी. नागपूरच्या सीताबर्डीतल्या या जिन्यावर जो चढून येतो तो बुटीबोरीचा, हिंगण्याचा, कळमेश्वरचा असतो. मोरभवनला बसमधून उतरून, विचारत विचारत आलेला. हाताला पट्टी, सोबत बायको नाहीतर भाऊ. त्याला आधी पाणी दे. कागद नंतर माग.

तो तिथे कामाला होता हे कशावरून, इथून सुरुवात कर. कारखाना म्हणतो आमचा माणूस नाही, अन् ठेकेदाराचा फोन बंद. गेटपास, हजेरीकार्ड, खात्यात जमा झालेला पगार, शेजारच्या मशीनवरच्या दोघांची नावं, सगळं त्याच दिवशी टिपून घे. ठेकेदाराचा असला तरी 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम 12 नं मूळ मालक सुटत नाही. पगारपावतीवर ईएसआयची कपात दिसली, तर मात्र वाट वेगळी. तिथे आपला भरपाईचा अर्ज चालत नाही.

दवाखान्याचा पहिला कागद डोळ्यांत तेल घालून वाच. माझ्या एका पक्षकाराला भरती करताना सोबतच्या मुकादमानं ‘घरी पडला’ असं लिहवलं होतं. ती एक ओळ खोडून काढण्यात आमची वर्षं गेली. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारतो, डॉक्टरला कुणी काय सांगितलं?

आता मुख्य गोष्ट. पॉवर प्रेसमध्ये दोन बोटं गेली की त्या कायद्याच्या परिशिष्टात 20 टक्के, अंगठा गेला तर 30. समोरचा वकील तोच तक्ता पुढे सरकवतो. तू त्यावर थांबू नकोस. त्या हाताचं काम काय होतं ते विचार. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाठ कर. सबाटा सुतार होता. 1968 साली सिनेमागृहात सजावटीचं काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हातानं सुतारकी होत नाही म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण, म्हणजे 100 टक्के गेली असं धरलं, आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकलं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे. 12 टक्के व्याजाचा हिशेब करताना ते सोडू नकोस.

आकडा करून बघ. वय 30, पगार 15,000 (2020 पासून हिशेबात जास्तीत जास्त इतकाच धरतात). ताकद पूर्ण गेली तर त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले त्या वयाचा गुणक 207.98, म्हणजे 18,71,820. तक्त्यानं गेलीस तर त्यातले 20 टक्के म्हणजे 3,74,364. एवढा फरक पडतो, आणि तो डॉक्टरच्या साक्षीवर पडतो. त्यांना हाताबद्दल विचारतेस तसं कामाबद्दलही विचार: हा आता पत्रा धरू शकेल का, पाना फिरवू शकेल का?

माणूस गेला असेल तर घरी लवकर जा. तेरवीच्या आधीच कुणीतरी थोडे पैसे अन् कोरा कागद घेऊन पोचलेलं असतं. बाई सही करून बसते आणि मग रडते की सगळं गेलं. तिला सांग, गेलं नाही. मृत्यूची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर हातात दिलेली कायदा भरपाई धरत नाही. मालक अपिलाची धमकी देईल. पूर्ण रक्कम जमा केल्याचा दाखला जोडल्याशिवाय त्याचं अपील दाखल होत नाही, हेही तिला समजेल अशा शब्दांत सांग.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कामावर येता-जातानाचा अपघातही त्यात काही अटींवर धरलाय. म्हणून फाइलीवर अपघाताची तारीख सगळ्यात आधी लिही, कलमं मग शोध.

फी आधीच ठरव. मिळणाऱ्या रकमेत टक्का कधी घेऊ नकोस. बार कौन्सिलचा नियम तर आहेच, पण त्या पैशाला मला हात लावताच आला नाही.

उद्या अकराला बुटीबोरीचा तो पोरगा येणार आहे, उजवा हात गेलेला. वकीलपत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यावा लागेल. शाईचं पॅड त्याच्या डाव्या बाजूला काढून ठेव.