जखमीची भरपाई

फौजदारी खटला राज्य चालविते. ज्याच्या अंगावर वार झाला तो खटल्यात केवळ साक्षीदार असतो. गुन्हेगाराचा दंड सामान्यतः सरकारी तिजोरीत जातो, आणि जखमीच्या वाट्याला औषधांचा खर्च व बुडालेली मजुरी तेवढी उरते.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७ अन्वये न्यायालय गुन्हेगाराकडून भरपाई देववू शकत असे. परंतु त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागे, आणि गुन्हेगाराची ऐपतही असावी लागे. गुन्हेगार सापडलाच नाही, तर काय? अशा वेळी भरपाई राज्याने द्यावी, असा कायदा न्यूझीलंडने १९६३ साली केला.

आपल्या देशात या विचाराला चेन्नईत बळ मिळाले. १९९२ साली मद्रास विद्यापीठात पीडितांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, आणि १९९५ साली तामिळनाडू सरकारने पीडितांसाठी साहाय्यनिधी उभारला. पुढे २००८ च्या दुरुस्तीने संहितेत कलम ३५७-अ आले व प्रत्येक राज्यावर भरपाई योजनेचे बंधन पडले. तामिळनाडूची योजना २०१३ साली निघाली. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे.

तीनुसार आरोपी अज्ञात असला तरी जखमीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हावी लागते. ठाणे अंमलदाराच्या दाखल्यावरून तातडीचे उपचारही विनामूल्य देवविता येतात.

म्हणून ही रक्कम दया नव्हे. रक्षणाची हमी देणाऱ्या राज्याचे ते देणे आहे. मात्र ते मिळण्यासाठी जखमीला आपला हक्क ठाऊक असावा लागतो.