नरक्यातील कॅम्प्टोथेसिन आणि त्यापासून घडविलेली कर्करोगाची औषधे

सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात कॅन्सरचे औषध आहे, असे रुग्ण ऐकून येतात आणि त्याच्या चूर्णाची मागणी करतात. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. उरलेले अर्धे वैद्यांस व औषधविक्रेत्यांस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

नरक्यातील कार्यकारी द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन. मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी अमेरिकेत १९६६ साली ते एका चिनी वृक्षापासून प्रथम वेगळे केले. (डॉ. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. टॅक्सॉलचा शोधही याच जोडीचा.) मूषकांतील रक्तकर्करोगावर ते प्रभावी ठरले, पण पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचा सोडियम क्षार करून शिरेवाटे रुग्णांस देण्यात आला. गुण अल्प आला. मज्जेचे दमन, अतिसार आणि सरक्त मूत्र हे उपद्रव मात्र तीव्र झाले. १९७०च्या दशकाच्या आरंभीच या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

कारण रेणूच्या रचनेत होते. त्यातील लॅक्टोन वलय मिटलेले असेल तरच द्रव्य कार्य करते. क्षार करताना नेमके तेच उघडत होते आणि आम्ल मूत्रात पुन्हा मिटून मूत्राशयाचा दाह करीत होते. हवे तेथे निष्क्रिय, नको तेथे सक्रिय!

१९८५ मध्ये कार्यपद्धती उलगडली. डीएनएचा पीळ सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याचा एक धागा कापते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्यास कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. विभाजनास निघालेली पेशी त्यामुळे मरते. रचनेचे नियमही क्रमाने स्पष्ट झाले. लॅक्टोन वलयास धक्का लावावयाचा नाही. सातव्या, नवव्या व दहाव्या स्थानी मात्र नवे गट जोडून विद्राव्यता वाढविता येते. अशी संयुगे आधी विकरावर, मग पेशींवर, नंतर प्राण्यांवर पारखली जातात. मनुष्यात प्रथम सुरक्षित मात्रा, मग गुण, शेवटी प्रचलित चिकित्सेशी तुलना. बहुतेक संयुगे वाटेतच गळतात. या वाटेने टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या दोन अर्धसंश्लेषित औषधांस अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. म्हणजे मूळ शोधानंतर तीस वर्षांनी. काचपात्रात पेशी मरतात एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही, हे आपल्याकडील जाहिराती लिहिणाऱ्यांनीही ध्यानी घ्यावे.

इरिनोटेकॅन स्वतः दुर्बल असून शरीरात एसएन-३८ या प्रबळ रूपात पालटते. यकृत त्यास ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून निष्क्रिय करते. परंतु आतड्यातील जिवाणू ती जोडणी तोडतात. हे औषध घेतल्यावर काही दिवसांनी होणारा अतिसार यामुळे बळावतो व प्राणघातकही ठरू शकतो. असा रुग्ण आल्यास कुटजारिष्ट देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तो कोणती वनौषधी घेत आहे हेही विचारावे. हायपेरिकम परफोरेटम या पाश्चात्त्य वनस्पतीच्या सेवनाने एसएन-३८ चे रक्तातील प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये एका लहान अभ्यासात आढळले आहे.

आता चूर्णाविषयी. नरक्यात कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण झाडागणिक व अंगागणिक पालटते. हितकर व घातक मात्रांतील अंतर अत्यल्प. आणि जे मूळ द्रव्य रुग्णांत फसले तेच त्यात असते. विक्रेत्यांनी ते ठेवू नये. अर्कासाठी झालेल्या तोडीने सह्याद्रीतील हा वृक्ष आधीच विरळ झाला आहे.