निकालांची वही
(औषधी संयुगांच्या चाचण्यांचे निकाल सार्वजनिक कोशात कसे नोंदवावेत?)

प्लेगच्या दिवसांतली गोष्ट आहे. १८९८ च्या फेब्रुवारी महिन्यात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ आपल्या बडोद्याजवळील उंडेरा या खेड्यात आले. प्लेगवरील आपली लस त्यांनी आदल्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. उंडेऱ्यात त्यांनी घरोघरची माणसे एकत्र बोलावली व प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली. टोचलेले झाले ५१३, न टोचलेले राहिले ४३७. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ दगावली.

हे आकडे सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला वाचता येतात आणि त्यांवरून लसीचा गुण ज्याचा त्याला पडताळता येतो. याचे कारण एकच. हाफकिन यांनी दोन्ही बाजू लिहून ठेवल्या. टोचलेले किती, न टोचलेले किती, वाचले किती, गेले किती, सारे नोंदले. 'लस टोचलेले तीन जण दगावले' एवढेच कोणी लिहिले असते, तर त्या वाक्याला काही अर्थ उरला नसता.

औषधसंशोधनात आज नेमके हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. ते कसे चालते आणि त्याचे निकाल जगाच्या हवाली कसे करावेत, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. बडोद्यास हा विषय परका नाही. १८९० साली महाराज सयाजीरावांनी कलाभवन उघडले. १९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांनी अलेम्बिकचा पाया घातला. तेव्हापासून औषधनिर्मिती ही या शहराची एक ओळख झाली आहे. कारेलीबागेतही रसायन किंवा औषधशास्त्र शिकणारा मुलगा वा मुलगी असलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

१. चाचणी म्हणजे काय?

नवे औषध शोधताना प्रथम निरनिराळी संयुगे तयार करतात आणि ती रोगजंतूवर किंवा शरीरातील एखाद्या प्रथिनावर चालतात की नाही, हे चाळून पाहतात. हे काम करण्याच्या प्लॅस्टिकच्या तबकडीत बहुधा ९६ लहान खळगे असतात, आठ रांगांत बारा-बारा. मलेरियाच्या चाचणीत त्या खळग्यांत जंतू असलेल्या तांबड्या रक्तपेशी घालतात आणि संयुगाची मात्रा एकेका खळग्यात पायरीपायरीने कमी करीत नेतात. काही खळग्यांत क्लोरोक्विनसारखे माहितीतले औषध असते, तर काहींत औषध मुळीच नसते. उंडेऱ्याच्या न टोचलेल्या माणसांचे काम येथे हे शेवटचे खळगे करतात.

जंतूंची वाढ निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेला 'आयसी-५०' म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके संयुग प्रभावी. परंतु हा आकडा एकटा फिरू लागला की फसवतो. कोणत्या जंतूवर, त्याच्या कोणत्या जातीवर, किती तास आणि कोणत्या पद्धतीने, हे सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. मलेरियाच्या '३डी७' या जातीवर क्लोरोक्विन चालते; 'डीडी२' ही जात त्याला दाद देत नाही. मग जात न लिहिता 'मलेरियावर गुणकारी' म्हणण्याला काय अर्थ?

२. निकाल जातात कोठे?

पूर्वी निकाल शास्त्रीय नियतकालिकांत छापले जात व तेथेच राहत. पाचशे अंकांत विखुरलेले आकडे एकत्र कोण करणार? या अडचणीतून सार्वजनिक कोश निर्माण झाले. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २००४ साली 'पबकेम' सुरू केले. इंग्लंडात केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे युरोपीय जैवमाहिती संस्था आहे. तिचा 'केम्बल' हा कोश २००९ साली सर्वांस खुला झाला. त्याची मूळ माहिती एका खाजगी कंपनीकडे होती. ती विकत घेऊन लोकांच्या हवाली करण्यासाठी वेलकम ट्रस्टने पैसा दिला. औषधांचे एक कारखानदार सर हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रान्वये १९३६ साली स्थापन झालेला तो धर्मादाय ट्रस्ट होय. एका ट्रस्टच्या स्मरणिकेत दुसऱ्या ट्रस्टच्या या दानाची नोंद व्हावी, हे उचितच आहे.

आज केम्बलमध्ये चोवीस लाखांहून अधिक संयुगे आणि दोन कोटींहून अधिक निकाल आहेत. इंटरनेटवर ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेथे प्रत्येक संयुगास क्रमांक असतो. आपल्या घरातील अॅस्पिरिनचा क्रमांक २५ आहे. कोशाचे कर्मचारी निवडक नियतकालिकांतून निकाल वेचतात, त्याचप्रमाणे संशोधकांनी स्वतः पाठविलेलेही स्वीकारतात.

अशा देण्याचे मोठे उदाहरण २०१० सालचे. ग्लॅक्सो कंपनीच्या स्पेनमधील प्रयोगशाळेने सुमारे वीस लाख संयुगे मलेरियाच्या जंतूवर चाळली व त्यांतून निवडलेली १३,५३३ संयुगे रचनेसह केम्बलच्या हवाली केली. पुढे मलेरियावरील औषधांसाठी झटणाऱ्या जिनिव्हाच्या एका संस्थेने ४०० संयुगांची 'मलेरिया पेटी' तयार केली आणि सुमारे दोनशे संशोधकगटांना ती फुकट वाटली. अट एकच होती: निकाल लोकांसमोर ठेवावेत. २०१६ साली ५५ गटांचे निकाल एकत्र प्रसिद्ध झाले. मलेरियासाठी निवडलेली संयुगे इतर रोगांच्या जंतूंवरही तपासली गेल्याचे त्यांतून दिसले.

३. चार वह्या

निकाल पाठविण्याची पद्धत आपल्या ट्रस्टच्या हिशेबासारखीच आहे. पावतीवाचून खजिनदार रक्कम खर्ची टाकत नाहीत. तसेच येथे आधारावाचून आकडा घेतला जात नाही. कोश चार प्रकारच्या तक्त्यांची अपेक्षा करतो. त्यांस आपण चार वह्या म्हणू.

पहिली वही संदर्भाची. काम कोणी केले, शीर्षक काय, वर्ष कोणते, निबंध छापला असल्यास कोठे.

दुसरी संयुगांची. प्रत्येक संयुगाला आपण एक खूण द्यावयाची आणि त्याची रचना संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात सोबत जोडावयाची. केवळ 'संयुग ७' लिहून भागत नाही.

तिसरी चाचणीची. जंतू, त्याची जात, पेशी, वेळ, पद्धत, या सर्वांचे स्वच्छ वर्णन. प्रत्येक चाचणीलाही वेगळी खूण.

चौथी निकालांची. येथे खुणांच्या आधारे पहिल्या तिन्ही वह्या जोडल्या जातात. कोणते संयुग, कोणती चाचणी, कोणते माप, चिन्ह, आकडा व एकक.

समजण्यापुरते उदाहरण घेऊ. ३डी७ जातीवर ७२ तासांच्या चाचणीत संयुग ७ ची आयसी-५० ०.८ मायक्रोमोलर आली. संयुग ८ मात्र १० मायक्रोमोलरपर्यंत देऊनही जंतूंवर परिणाम झाला नाही. तर निकालांच्या वहीत पहिली ओळ: 'संयुग ७, आयसी-५०, बरोबर, ०.८, मायक्रोमोलर'. दुसरी ओळ: 'संयुग ८, आयसी-५०, पेक्षा अधिक, १०, मायक्रोमोलर'. शेऱ्यात 'परिणाम नाही'. दुसरी ओळ पहिलीइतकीच मोलाची आहे, हे विसरू नये.

भरलेले तक्ते कोशाच्या कर्मचाऱ्यांशी पत्रव्यवहार करून पाठवितात. ते तपासतात, शंका विचारतात आणि नंतर त्या संचास कायमचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक निबंधात देता येतो.

४. चुका कोठे होतात?

सर्वांत घातक चूक एककाची. मायक्रोमोलरच्या जागी नॅनोमोलर लिहिले की संयुग कागदावर हजारपट प्रभावी होते. कोशात प्रभाव एका लघुगणकी अंकाने दाखवितात. वरच्या उदाहरणात तो सुमारे ६.१ येतो. एककाची चूक झाली तर तोच ९.१ होईल, आणि जगातील कोणी तरी त्या खोट्या हिऱ्यामागे वर्ष घालवील.

दुसरी चूक चिन्हाची. 'पेक्षा अधिक १०' यातील चिन्ह गळले, की निकामी संयुग 'बरोबर १०' होऊन कामाचे ठरते.

तिसरी चूक रचनेची. एकाच संयुगाची डावी व उजवी रूपे असतात, क्षार वेगळे असतात. ज्या रूपावर प्रयोग केला तेच लिहावे.

दोन गोष्टी पाठविण्यापूर्वी पाहाव्यात. पेटंट घ्यावयाचे असेल तर अर्ज आधी, प्रसिद्धी नंतर. आणि मार्गदर्शकाची व संस्थेची संमती हवीच. रुग्णांची नावनिशी तर कोणत्याही तक्त्यात येता कामा नये.

५. रद्दीत गेलेल्या वह्या

हे सारे एवढ्या आग्रहाने लिहिण्याचे कारण थोडे खाजगी आहे. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी एका प्रयोगशाळेत काही वर्षे काढली. तेथे आम्ही दोघांतिघांनी मिळून तीनशेच्या वर संयुगे तयार केली. त्यांपैकी बहुतेक निकामी ठरली. निकामी म्हणून त्यांवर निबंध झाला नाही. पुढे तो विभाग बंद झाला आणि आमच्या वह्या रद्दीच्या गाडीवर गेल्या. त्या वेळी कोणालाच वाईट वाटले नाही, मलाही नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची नात सुटीत घरी आली. ती औषधशास्त्राची विद्यार्थिनी. तिने मोठ्या उत्साहाने आपल्या संयुगांच्या आकृत्या मला दाखविल्या. त्यांतली तीन आम्ही केलेली होती. "आजोबा, ही चालली नव्हती हे कशावरून?" तिने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता, आणि माझ्याजवळ दाखवायला एक चिटोराही नव्हता. तिने ती पुन्हा केली. पाच महिने गेले. ती चालली नाहीत.

यंदा तिने आपला तक्ता भरला तेव्हा त्या तीन ओळी मी स्वतः शेजारी बसून तपासल्या. चिन्ह, आकडा, एकक. आता निदान तिसऱ्या कोणाचे पाच महिने तरी जाऊ नयेत.

६. एक सूचना

आपला ट्रस्ट विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो. विज्ञान व औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून अभ्यासक्रम संपल्यावर गुणपत्रिका मागविली जाते. तिच्या जोडीला एक प्रश्न विचारावा, असे सुचवावेसे वाटते: "तुमचे निकाल कोठे नोंदविले? न चाललेल्यांचे काय केले?" यास पैसा लागत नाही. सभासद पालकांनीही घरी हा प्रश्न विचारावा. आकडे कळले नाहीत तरी चालेल. वही आहे की नाही, एवढे तर कोणासही कळते.

उंडेऱ्याच्या त्या २८ घरांतील माणसांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे आकडे मात्र राहिले, कारण कोणी तरी ते नीट लिहिले आणि स्वतःजवळ ठेवले नाहीत.