बहात्तर तासांची गोळी आणि ख्रिस्तसभेची नीती

सेमिनरी हिल्स, नागपूर

चि. भाचीस,

तातडीची गर्भनिरोधक गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची 1.5 मिलिग्रॅमची एक मात्रा. संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत ती घ्यायची, आणि जितकी लवकर घ्यावी तितका तिचा उपयोग अधिक. भारतात 2005 पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. आय-पिल, अनवॉन्टेड-72 ही तिची बाजारातली नावे. घरोघरी, आणि चर्चच्या आवारातही, तिला सर्रास ‘गर्भपाताची गोळी’ म्हटले जाते. रुग्णालयात काम करणाऱ्याने हा शब्द पहिल्या दिवसापासून टाकून द्यावा. गर्भपातासाठी दिली जातात ती मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ही औषधे वेगळी, त्यांचे काम वेगळे, आणि त्यांच्याविषयीचा नैतिक निर्णयही वेगळा.

नीतीचा सगळा प्रश्न या गोळीच्या कामाशी बांधलेला आहे. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, बीजांड मात्र जेमतेम एक दिवस टिकते. म्हणजे संबंध आणि गर्भधारणा यांच्यात काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असते. एलएच या संप्रेरकाची लाट उसळली की बीजांड अंडाशयातून सुटते. लेव्होनॉरजेस्ट्रेल ही लाट थोपवते किंवा लांबवते. लाट आधीच सुरू झाली असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. फलित बीज गर्भाशयात रुजू न देण्याचे कामही ती करते, असा संशय अनेक वर्षे होता. संशोधन पुढे गेले तसा तो ओसरला, आणि डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गोळीच्या माहितीपत्रकातून तो उल्लेख काढला. तांबीचे तसे नाही. ती मुख्यतः फलन रोखते, पण रुजणेही अडवू शकते. म्हणून कॅथलिक नीतीत तिला गोळीच्या शेजारी बसवता येत नाही.

पोप पॉल सहावे यांचे ‘हुमाने व्हिते’ हे विश्वपत्र 25 जुलै 1968 चे. पतिपत्नींच्या मीलनातले प्रेमैक्य आणि नवजीवनाची शक्यता यांतले नाते माणसाने आपण होऊन तोडू नये, हा त्याचा गाभा. त्यामुळे स्वेच्छेने आलेल्या संबंधानंतर गोळी घेणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. विवाहितांनाही नाही, अविवाहितांनाही नाही. ही शिकवण कठीण आहे, ती सौम्य करून सांगण्यात कोणाचेच हित नाही. मात्र ती स्वेच्छेने केलेल्या कृतीविषयी आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

बलात्कार ही स्त्रीची कृतीच नव्हे, तिच्यावरचा हल्ला आहे. हल्ला करणारा निघून गेला तरी त्याचे बीज तिच्या देहात असते, तोवर हल्ला संपलेला नसतो. त्यापासून गर्भ राहू न देणे हा स्वसंरक्षणाचा भाग ठरतो. हा विचार नवा नाही. काँगोत धर्मभगिनींवर अत्याचाराचे संकट होते, तेव्हा त्यांनी प्रतिबंधक गोळ्या घेणे रास्त आहे असे रोममधील तीन नीतिशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये मांडले होते. अमेरिकेच्या बिशपांनी कॅथलिक रुग्णालयांसाठी घालून दिलेल्या नियमांतला 36 वा नियम हेच सांगतो: गर्भ राहिल्याचा पुरावा नसेल तर पीडितेला बीजांड सुटणे किंवा फलन रोखणारे औषध देता येते. जिवाची सुरुवात झाली असेल तर त्याला रुजू न देण्याच्या हेतूने मात्र काही देता येत नाही. 2008 चा व्हॅटिकनचा ‘दिग्नितास पेर्सोने’ हा दस्तऐवजही रुजणे अडवण्याच्या हेतूला गर्भपाताच्या हेतूइतकेच गंभीर मानतो.

खरा वाद उरतो तो खात्रीचा. गर्भचाचणी फक्त आधीचे गरोदरपण दाखवते, कालच्या रात्रीचे काही सांगत नाही. काही नीतिज्ञ म्हणतात, लघवीतील एलएच तपासून बीजांड सुटण्याची वेळ पाहावी आणि मगच गोळी द्यावी. इतरांच्या मते गर्भचाचणी पुरेशी आहे. अमेरिकेतील कनेक्टिकटच्या बिशपांनी 2007 मध्ये एलएच तपासणीचा आग्रह सोडला. आजच्या वैद्यकीय ज्ञानासमोर दुसरे मत अधिक भक्कम वाटते. पहिल्या मताचा हेतू शुद्ध आहे, पण तपासणीच्या निमित्ताने एक घायाळ स्त्री तासन् तास बाकावर बसून राहिली, तर त्या शुद्धतेची किंमत तिने मोजलेली असते. डिसेंबर 2012 मध्ये जर्मनीतील कोलोनच्या दोन कॅथलिक रुग्णालयांनी अशाच एका तरुणीला तपासण्यासही नकार दिला. कोलोनचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल माइस्नर यांनी त्याबद्दल लाज व्यक्त केली, आणि फलन रोखणारी गोळी अशा स्त्रीला देणे योग्य असल्याचे सांगितले. फेब्रुवारी 2013 मध्ये जर्मन बिशपांच्या परिषदेने तीच भूमिका घेतली.

विदर्भाला हा विषय परका नाही. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये ते फिरवले. अंगावर जखमा नाहीत हे त्यातले एक कारण होते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बलात्कारपीडितांच्या वैद्यकीय तपासण्यांच्या दुर्दशेवर अहवाल निघाला, आणि 2010 मध्ये तो विषय जनहित याचिकेने नागपूर खंडपीठापुढे आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत तातडीची गोळी हा पीडितेच्या उपचाराचाच भाग आहे. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाने पीडितेवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे. नकार हा गुन्हा आहे. इथे कायदा आणि ख्रिस्तसभेची नीती बऱ्याच अंतरापर्यंत बरोबर चालतात. कॅथलिक परिचारिकेने ते ओळखले, तर तिची निम्मी घालमेल मिटते.

नवऱ्याने जबरदस्ती केली तर? भारतीय कायदा सज्ञान पत्नीवरील अशी जबरदस्ती बलात्कार मानत नाही. ‘हुमाने व्हिते’ मात्र लादलेल्या संबंधाला प्रेमाची कृती मानत नाही. त्यावरून पुष्कळ नीतिज्ञ अशा पत्नीलाही स्वसंरक्षणाचा हक्क देतात, आणि ते न्याय्यच आहे.

गर्भ राहिल्याचे नंतर कळले, तर प्रश्न बदलतो. बलात्कारपीडितेला कायदा 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देतो, ख्रिस्तसभा देत नाही. अशा शस्त्रक्रियेत सहभागी न होण्याची विनंती परिचारिकेने नोकरीवर रुजू होतानाच मेट्रनकडे करून ठेवावी, ऐन रात्रपाळीत नव्हे. त्या पीडितेचे ड्रेसिंग, तिचे जेवण, तिच्या उशाशी बसणे यांतून मात्र कोणतीच विनंती सुटका देत नाही.

तुझा मामा